बेटाचे सर

"निसर्गाला घाई नसते," असं ते म्हणायचे आणि स्वतः सगळ्यांच्या आधी होडीत चढून सावलीची जागा धरून बसायचे. हे वाक्य म्हणताना उजवा तळहात पुढे करायचे, जणू समोरून येणारा निसर्ग त्यांनी हातानेच थांबवून धरला आहे. जेवण कधी, असं कोणी विचारलं की तळहात. परत कधी निघायचं, असं विचारलं की तळहात.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. ते कुठेही शिकवत नव्हते. विम्याच्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि तिथेही त्यांना फार कोणी विचारत नसावं, असा माझा अंदाज आहे. पण बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत ते निसर्गतज्ज्ञ होते. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. बोरिवलीत तेव्हा रोज नवी इमारत उभी राहत होती, आणि शेतं बुजवून बांधलेल्या चाळीसारख्या वाटणाऱ्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या माणसांना अचानक निसर्गाचा पुळका आला होता. सरांनी तो बरोबर हेरला आणि एक निसर्ग मंडळ काढलं. अध्यक्ष तेच, वक्ते तेच, दुर्बीण त्यांची.

मी सोसायटीचा चिटणीस होतो. हॉलची किल्ली माझ्याकडे असायची, त्यामुळे सरांचं प्रत्येक व्याख्यान मला शेवटपर्यंत ऐकावं लागलं. तुमच्याही वसाहतीत असा एखादा गृहस्थ असेल, म्हणजे मी काय म्हणतोय ते तुम्हाला कळेल. हा माणूस मला आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप मऊ होतो, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

सरांचा विषय एकच होता. खाडीच्या तोंडाशी असलेलं एक लहानसं बेट. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही जाल, आणि तिथे आधीच पाणी कमी आहे.

बेट दिसायला काही फार नव्हतं. समुद्राच्या बाजूला काळा कातळ आणि त्याला चिकटून वाळूची एक अरुंद पट्टी. खाडीच्या बाजूला नुसता चिखल आणि त्यात तिवरांची दाट झाडी. मध्ये एक उंचवटा, त्यावर थोडे ताड, एक चिंच आणि एक विहीर. चारी बाजूंना खारं पाणी असून त्या विहिरीचं पाणी गोड होतं. विहिरीभोवती चार घरं. ओहोटी लागली की खाडीकडचा चिखल उघडा पडायचा आणि बेट बघता बघता दुप्पट व्हायचं. त्या चिखलावर निवट्या नावाचे बारके मासे उड्या मारायचे, चिंबोऱ्या बिळातून डोळे बाहेर काढून बघायच्या, आणि बगळे अगदी कचेरीत यावं तसे वेळेवर हजर व्हायचे. तिवरांत कोल्हे होते. संध्याकाळी परतताना त्यांची कुई ऐकू यायची आणि होडीतल्या बायका एकमेकींना चिकटून बसायच्या.

सरांच्या व्याख्यानातलं पहिलं वाक्य असं असायचं : "या बेटावर मनुष्यवस्ती नाही."

पहिल्यांदा मी हात वर केला होता. "सर, चार घरं आहेत ना?"

"ती वस्ती म्हणता येत नाही," सर म्हणाले. "शास्त्रीय अर्थाने." आणि पुढची स्लाइड.

स्लाइडमध्ये खरोखरच एकही घर दिसायचं नाही. त्यासाठी ते काय कष्ट घ्यायचे ते मी बेटावर पाहिलं आहे. चार घरांपैकी एक हिराबाईचं. पन्नाशीची कोळीण, नवरा समुद्रात बुडालेला, घरात मुलगा आणि सून. तिच्या अंगणाच्या टोकाशी उभं राहिलं की खाली चिखलातले बगळे छान दिसत. एकदा ती त्या अंगणात जाळं पसरून बसली होती, आणि सर कॅमेरा डोळ्याला लावून तिला म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा. बगळा येत नाहीये."

हिराबाईने जाळं उचललं आणि बाजूला झाली. स्वतःच्याच अंगणात.

त्यांच्या ज्ञानाबद्दल काय सांगू. ते पक्ष्यांना नावं द्यायचे, आणि प्रत्येक नाव संस्कृतातलं असायचं. एकच पक्षी कातळावर बसलेला असला तर 'शैलचर' आणि उडून चिखलात उतरला तर 'पंकचर'. दोन वर्षांच्या सहलींत आम्हाला एकदाच कोल्हा दिसला. भर दुपारी तिवरांच्या कडेला येऊन आमच्याकडे बघत उभा राहिला. बारीक अंगाचा, झुपकेदार शेपटीचा. सगळे श्वास रोखून बसलेले. सरांनी दुर्बीण लावली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कुत्रा आहे."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, प्रत्येक सहलीला यायच्या. "अहो, दुर्बीण." "अहो, टोपी." "अहो, पाण्याची बाटली." एवढाच संवाद मी त्या दोघांमध्ये ऐकला. त्यांना मूलबाळ नव्हतं. सर माहिती सांगायला लागले की काकू हळूच उठून हिराबाईच्या पडवीत जाऊन बसायच्या. तिथून हसण्याचा आवाज यायचा. सर तळहात पुढे करायचे आणि म्हणायचे, "शांतता राखा, पक्षी उडतील." पक्षी जागचे हलत नसत.

इथवर मला त्या माणसाची नुसती चीड होती. मग त्यांनी तो अर्ज केला.

एका रविवारी सकाळी सर माझ्याकडे आले आणि सोसायटीचं लेटरहेड मागू लागले. मजकूर त्यांनी तयार करून आणला होता. बेटावर राहणारे लोक जळणासाठी तिवरं तोडतात, पक्ष्यांना उपद्रव देतात, घाण करतात. सबब त्यांना तिथून हलवून किनाऱ्यावर जागा द्यावी आणि बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवावं.

"सर, ही माणसं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतायत," मी म्हणालो.

"अतिक्रमण जुनं असलं तरी अतिक्रमणच."

"त्या बायका दर वेळी आपल्याला पाणी देतात. त्यांना स्वतःला पुरत नाही."

"हा भावनेचा प्रश्न नाही." सर माझ्याकडे अत्यंत करुणेने बघत म्हणाले. "पर्यावरणाचा आहे."

मी लेटरहेड दिलं नाही. त्यांनी मंडळाच्या नावाचा रबरी शिक्का करून घेतला आणि अर्ज पाठवला. मला वाटलं, सरकारी कचेरीत असे अर्ज पडून राहतात. हा राहिला नाही. कोणीतरी तो खरंच वाचला, आणि पावसाळा सरल्यावर पाहणीला एक अधिकारी येणार असल्याचं कळलं.

ही बातमी बेटावरही पोचली होती. बाजारात मासळी विकायला आलेली हिराबाई मला दिसली. पाटीमागून तिने नुसतं विचारलं, "आमाला उठवनार का रं?"

"नाही हो, मावशी. नुसतं बघायला येतायत."

"बघायला कोन येतं?" ती म्हणाली. "उठवायलाच येतात."

पाहणीच्या दिवशी मी रजा काढून गेलो. सरांना वाटलं, मी त्यांच्या बाजूने आलो आहे. त्यांनी होडीत मला शेजारी बसवून घेतलं. अधिकारी तरुण होता, चेहऱ्यावरून थकलेला. डोक्याला रुमाल बांधून तो मुकाट बसला होता. सर त्याला वाटभर बेटाचा भूगोल समजावून सांगत होते. बेट समुद्रातून वर आलं की खाडीतून, याबद्दल त्यांची दोन मतं होती आणि त्यांनी ती दोन्ही मांडली.

बेटावर चारही घरांतली माणसं विहिरीपाशी उभी होती. अधिकाऱ्याने घरं पाहिली, विहीर पाहिली, जळणाचा ढीग पाहिला. त्यात ताडाच्या वाळलेल्या झावळ्याच होत्या. त्याने विचारलं, "तोडलेली तिवरं कुठे आहेत?"

"या बाजूला," सर म्हणाले आणि काठी घेऊन खाडीकडे उतरले.

ओहोटीची वेळ होती. चिखल लांबवर चकाकत होता. तो माणसाचं वजन पेलणारा नाही, हे कोणालाही दिसत होतं. अधिकारी कडेला थांबला. "साहेब, इथूनच दाखवा ना," तो म्हणाला. मीही म्हणालो, "सर, पुढे जाऊ नका."

"मी या बेटाचा अभ्यास केलाय," सर म्हणाले आणि निघाले.

थोडं अंतर ते चांगले गेले. मग त्यांचा पाय घोट्यापर्यंत रुतला. तो काढायला दुसरा रोवला, तो गुडघ्यापर्यंत. काठी टेकवली, ती सबंध आत गेली. ते वळून आमच्याकडे काहीतरी बोलायला लागले आणि बोलता बोलता मांड्यांपर्यंत उतरले. मी हसलो. खोटं कशाला बोलू, मी मनापासून हसलो. मग ते कमरेपर्यंत गेले आणि ओरडले, तेव्हा माझं हसू थांबलं. त्या ओरडण्यात एकही संस्कृत शब्द नव्हता.

मी धावलो, तर हिराबाईच्या मुलाने मला दंडाला धरून मागे खेचलं. "तू पन जाशील." तोवर हिराबाई आणि तिची सून फळ्या घेऊन चिखलात उतरल्या होत्या. चिंबोऱ्या धरायला जाताना त्या या फळीवर एक गुडघा टेकायच्या आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत सरकायच्या. त्या तशाच सरकत गेल्या. हिराबाई फळीवर पालथी झाली आणि तिने सरांची दोन्ही मनगटं धरली.

"हलू नको, बाबा. हललास का अजून जाशील."

"मला सोडून जाऊ नका," सर म्हणाले.

"नाय जात."

"जाऊ नका हो. मला सोडू नका."

"नाय सोडत. मी हाय. लांब श्वास घे."

भरतीचं पाणी यायला लागलं होतं. पातळ, आवाज न करणारं पाणी, चिखलाच्या रेघांतून पुढे सरकत येतं ते. सून हातांनी सरांच्या भोवतीचा चिखल उपसत होती. मुलाने आणि दुसऱ्या घरातल्या पुरुषाने दोरी नेली. सगळा वेळ सर तेच वाक्य म्हणत होते आणि हिराबाई दर वेळी उत्तर देत होती, एकदाही न कंटाळता. मी कडेला उभा राहून ऐकत होतो. माणसाचा इतका तिरस्कार करावा आणि त्याला असं ऐकावं लागावं, हे बरं नव्हे.

पाण्यानेच शेवटी मदत केली. चिखल सैल झाला आणि सर निघाले. विजार आतच राहिली. चट्ट्यापट्ट्याच्या अर्ध्या चड्डीत, गळ्यात दुर्बीण अडकवलेले सर त्या बायकांनी फळीवर आडवे घालून ओढत आणले.

मग हिराबाईने त्यांना विहिरीपाशी बसवलं आणि घागरीमागून घागर ओतून धुतलं. गोड पाण्याने. कोणी म्हणालं नाही की पाणी पुरत नाही. मुलाची लुंगी नेसून, कोरा चहा हातात घेऊन सर पडवीच्या पायरीवर बसले. अधिकारी त्यांच्याजवळ येऊन उकिडवा बसला.

"मग, साहेब? काय लिहू?"

मी त्यांच्याकडे बघत होतो. मला वाटलं, आता तरी हा माणूस सरळ बोलेल. सरांनी घसा साफ केला.

"प्रत्यक्ष निरीक्षणाअंती," ते म्हणाले, "असं दिसतं की इथल्या पक्ष्यांना या माणसांची सवय झालेली आहे. वस्ती हलवली तर पक्ष्यांच्या सवयी बिघडतील. तेव्हा पक्ष्यांच्या हिताच्या दृष्टीने वस्ती राहणं आवश्यक आहे. असं माझं शास्त्रीय मत आहे."

अधिकाऱ्याने तोंड फिरवलं. बहुतेक हसू लपवायला. "लेखी द्याल?"

"देईन."

आणि त्यांनी दिलं, शिक्क्यासकट. घरं राहिली. हिराबाईला कोणी पुन्हा विचारायला आलं नाही.

तुम्हाला वाटेल, यानंतर सर बदलले असतील. अजिबात नाही. पुढच्याच व्याख्यानात त्यांनी सांगितलं की आपण खाजणातल्या चिखलाचा 'अंतर्गत अभ्यास' केला आणि त्याची खोली प्रत्यक्ष मोजली. हिराबाईचा उल्लेख नाही, फळीचा नाही, लुंगीचा नाही. मी मागच्या भिंतीला टेकून किल्ली हातात फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, धन्य आहे.

फक्त एक नवी स्लाइड होती. हिराबाई अंगणात उभी, चित्राच्या अगदी मधोमध, आणि बगळा अर्धा कापलेला. फोटो हललेला होता. "ही वस्ती," सर म्हणाले आणि घाईघाईने पुढची लावली. तळहात पुढे करायचंही विसरले.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात सर गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. मंडळाने शोकसभा घेतली. हॉल मीच उघडला. लोक बोलले ते सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही, पण मला ते सर ओळखता आले नाहीत.

थंडीत मंडळाची सहल नेहमीप्रमाणे बेटावर गेली. सांगायला कोणी नव्हतं, त्यामुळे लोकांनी लवकर डबे उघडले. हिराबाईने आमच्यातली तोंडं एकेक करून बघितली आणि मला विचारलं, "तो बोलनारा कुठाय?"

मी सांगितलं.

ती विहिरीच्या कठड्यावर बसली. "काय झालं त्याला?"

"झोपेत गेले."

"आन ती? त्याची बायको?"

"आहेत. घरीच असतात."

"एकलीच?"

"एकट्याच."

हिराबाई आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेला एक मोठा पुडा होता. "सुके बोंबील हायत. तिला दे. म्हनावं, हिराबाईनं दिलं."

परतीच्या वाटेवर होडीत आणि मग बसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. संध्याकाळी मी सरांच्या घराची बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, आणि मी काही बोलायच्या आत त्यांची नजर पुड्यावर गेली.

"हिराबाईने पाठवलेत," मी म्हणालो. "पण तुमच्याकडे चालत नसेल तर..."

"माझं माहेर वेंगुर्ल्याचं," काकू म्हणाल्या. "ह्यांना वास सहन व्हायचा नाही. लग्न झाल्यापासून या घरात मासळी शिजली नाही. तिच्या पडवीत खायचे मी. हे तिकडे बगळे दाखवत असायचे तेव्हा."

त्यांनी पुडा तिथेच दारात सोडला, एक बोंबील नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बस रे. भात टाकते."

स्वयंपाकघरात त्यांनी गॅस मोठा केला आणि बोंबील थेट जाळावर धरला. तो तडतडला. तो वास पहिल्या खोलीत आला, मग जिन्यात गेला, आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी धाडकन दार लावून घेतलं. मी चिटणीस. उद्या माझ्याकडेच तक्रार येणार होती. मी उठून खिडकीकडे गेलो.

"उघडू का, काकू?"

"नको," त्या आतून म्हणाल्या. आत बोंबील उलटल्याचा तडतडाट झाला. मग त्यांचा आवाज आला, जरा बदललेला. "आतापर्यंत ते खोकायला लागले असते बघ."

खिडकी मी बंदच ठेवली.